ऐकण्याचा परवाना

पाटी रंगवणाऱ्यानं ‘मानसोपचार’ हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. धर्मराज हिवराळेनं कागदावर लिहून दिलेला शब्द चुकलेला आहे असं त्याच्या प्रामाणिक बुद्धीला वाटलं आणि त्यानं तो फुकटात दुरुस्त करून दिला. जालन्याच्या मस्तगडात जुगलकिशोर शेठच्या कापडदुकानाच्या वर, जिन्याच्या तोंडाशी पाटी झळकली : ‘डी. एस. हिवराळे, माणसोपचार तज्ज्ञ.’ गल्लीनं ती वाचली आणि गल्लीला ती पटलीही. समोरचा दूधवाला म्हणाला, “बरं केलं लिहून टाकलं. न्हाईतर मी माझी म्हैस घेऊन येणार होतो.”

धर्मराज त्या पाटीखाली पाच मिनिटं उभा राहिला आणि वर निघून गेला. पाटी बदलून मागावी तर पेंटर राजूरला यात्रेच्या कमानी रंगवायला गेला होता. आणि खरं सांगायचं तर ‘मानसोपचार’ लिहिलं असतं तरी कुणाला काय कळणार होतं?

साल त्र्याहत्तर. धर्मराज तोवर बंगळूरला एका मोठ्या दवाखान्यात मनाच्या रोग्यांशी बोलण्याचं काम करत होता. काम चांगलं होतं, पगार बरा होता. पण बायको, बेबीनंदा, जालन्यात मुलींच्या शाळेत शिक्षिका. तिची बदली दुसऱ्या राज्यात होणं शक्य नव्हतं आणि लग्नानंतरची सगळी वर्षं दोघांनी दिवाळी, उन्हाळा आणि रजेचे अर्ज यांवर काढली होती. शेवटी त्यानंच ठरवलं की आपण यायचं. माणसाचं मन जालन्यातही असणारच, तेव्हा तिथंही ते बिघडत असणार, इतका साधा हिशेब त्यामागं होता.

खोली देताना जुगलकिशोर शेठ फार गोड बोलले. फक्त एवढंच म्हणाले, “पाण्याचा माठ तेवढा वरच ठेवा तुमचा. उगीच खाली नळावर चढउतार कशाला?” हे म्हणताना ते धर्मराजकडं न पाहता कापडाच्या ताग्यांच्या घड्या बघत होते. धर्मराजला जिन्याच्या पायऱ्यांची ही काळजी लहानपणापासून ओळखीची होती. त्यानं माठ आणला.

आता परवाना.

परवाना कचेरीतले कारकून कडूबा हे सज्जन गृहस्थ होते. ही गोष्ट आधी सांगून ठेवलेली बरी, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा वाईट हेतू कुठंच नव्हता.

“धंदा कोणता?” कडूबांनी विचारलं.

“धंदा नाही. मानसोपचार.”

“गोळ्या देता?”

“नाही.”

“सुई?”

“नाही.”

“अंगाला काही लावता, चोळता?”

“नाही. बोलतो. म्हणजे पेशंट बोलतो, मी ऐकतो.”

कडूबांनी लेखणी खाली ठेवली. “आन् पैसे कोण देतं?”

“पेशंट.”

“म्हंजे बोलायचं बी त्यानंच आन् खर्चा बी त्याचाच?” कडूबांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं. “आमच्या घरी मी रोज ऐकून राह्यलो, साहेब, आन् वरून पगार बी मीच देऊन राह्यलो. मला कुणी सांगितलंच न्हाई याचा परवाना निघतो म्हणून.”

धर्मराजनं पदव्यांची प्रमाणपत्रं पुढं केली. कडूबांनी ती आदरानं उलटसुलट पाहिली आणि सांगितलं की उपचार म्हटल्यावर वैद्यकीय नोंदणी लागते, ती मुंबईहून आणा, बाकी आपल्याकडून बिलकुल अडचण नाही.

धर्मराजनं मुंबईला लिहिलं. मुंबईनं पावसाळा संपता संपता उत्तर दिलं. आपण डॉक्टर नसल्यामुळे आपली नोंदणी करता येत नाही. नोंदणीशिवाय उपचार केल्यास कारवाई करण्यात येईल. तथापि आपण अन्य राज्यातून स्थलांतर करीत असल्यास त्या राज्याचा दाखला जोडल्यास विचार करता येईल. या पत्रातलं पहिलं वाक्य वाचून धर्मराज खचला, दुसऱ्यानं घाबरला आणि तिसऱ्यानं त्याला आशा वाटली. सरकारी पत्रात ही सोय नेहमी असते.

शेजारी तातेराव राहत. तहसिलीतून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून सल्ल्याला गिऱ्हाईक नसलेले. त्यांनी पत्र दोन्ही बाजूंनी वाचलं, मागची बाजू कोरी होती तरी.

“तुमचं चुकलं कुठं सांगू का हिवराळेसाहेब? ‘उपचार’ हा शब्दच लिहायचा न्हाई. हात बघतो म्हणा. हाताला परवाना लागत न्हाई.”

“मला हात बघता येत नाही.”

“त्या कोपऱ्यावरल्याला कुठं येतो?”

हे मात्र खरं होतं. त्याच रस्त्यावर एक जण हात बघत होता, एक जण मोडलेली हाडं बसवत होता, आणि बाजाराच्या दिवशी फुटपाथावर चादर अंथरून एक जण पक्कडीनं दाढा उपटत होता आणि उपटलेल्या दाढांची रास जाहिरात म्हणून पुढं मांडत होता. कुणाकडं चिठोरं नव्हतं. कुणी मागतही नव्हतं.

“तुम्हीच तेवढे कागद कागद करत बसलात,” तातेराव म्हणाले. “खुशाल सुरू करा. कोण इचारतंय?”

धर्मराज हसला. त्याला जे वाटत होतं ते तातेरावांना सांगण्यासारखं नव्हतं. दाढ उपटणाऱ्याचं चुकलं तर दाढ उपटणाऱ्याचं चुकलं. हिवराळेचं चुकलं असतं तर गल्ली म्हणाली असती, तरी आम्ही म्हणतच होतो. शाळेत पहिल्या दिवसापासून तो बरोबर होता तो याच भीतीनं, आणि इतकी वर्षं बरोबर राहून त्याला ती सवयच झाली होती.

म्हणून त्यानं बंगळूरला लिहिलं. तिकडून कळलं की मानसतज्ज्ञांची नोंदणी करण्याची पद्धत त्या राज्यात नाही, तेव्हा दाखला देण्याचा प्रश्न येत नाही. धर्मराजनं पुन्हा लिहिलं, जुन्या साहेबांना गाठलं, विनवण्या केल्या. अखेर दाखला आला. भारी कागद, खाली गोल शिक्का : सदर गृहस्थ म्हैसूर राज्यात मानसोपचाराचे काम समाधानकारकरीत्या करीत होते व त्यांनी अन्य राज्यात जाण्यास हरकत नाही. बेबीनंदानं त्या दिवशी शिरा केला.

कडूबांनी दाखला उजेडात धरला. “कोणतं राज्य म्हणले?”

“म्हैसूर.”

“साहेब, तुम्ही एवढे शिकलेले. पेपर वाचत न्हाई का?” कडूबांचा आवाज हळू झाला, वाईट बातमी सांगताना होतो तसा. “म्हैसूर राज्य आता न्हाई. एक तारखेपासून कर्नाटक झालं.”

“राज्य तेच आहे. फक्त नाव बदललंय.”

“बराबर. पण आमच्याकडं नाव बदलेल माणूस आला की आम्ही त्याच्याकडून ॲफिडेव्हिट घेतो. मी अमुक तो आजपासून तमुक, दोन्ही एकच. हे राज्यानं केलं का?”

धर्मराजनं दाखल्यावरचा गोल शिक्का पुन्हा एकदा पाहिला.

“करून घ्या,” कडूबा म्हणाले. “राज्याची सही आणा. मी लगेच जोडतो.”

इकडं हे चाललेलं असताना वर खोलीत दुसरंच काही घडत होतं.

जुगलकिशोर शेठना एक मोठा भाऊ होता, सत्यनारायण. वसुलीसाठी म्हणून तो वडीगोद्रीला गेला आणि परत येताना ट्रकखाली सापडला. त्याला आता वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून त्यांची आई सायरबाई कामापुरतंच बोलत. रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. दुकानात मागच्या बाजूला बसून एकच लुगडं उलगडत आणि घडी घालत. जुगलकिशोर शेठनी सगळे देव केले, एक अंगारेवाला केला, औरंगाबादचा एक डॉक्टर केला. त्यानं झोपेच्या गोळ्या दिल्या. सायरबाई झोपल्या, उठल्या आणि पुन्हा लुगडं घेऊन बसल्या.

एक दिवस दुपारी त्या जिना चढून वर आल्या आणि पेशंटसाठी आणलेल्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत बसलेलं ते पहिलं माणूस. धर्मराज उठून उभा राहिला.

“पाणी,” सायरबाई म्हणाल्या.

त्यानं माठातलं पाणी दिलं. त्या प्यायल्या. गडवा पुसून परत दिला. बराच वेळ बसल्या आणि उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

धर्मराजला दिसत होतं की कुलूप कुठं आहे. बंगळूरला असता तर त्यानं एकच प्रश्न विचारला असता : सत्यनारायण कसा होता? बस, एवढाच. वर्षभर त्या घरात तो कसा गेला हे सगळे बोलले होते, तो कसा होता हे कुणी विचारलं नव्हतं. पण हा प्रश्न धर्मराजनं विचारला तर तो उपचार ठरत होता. मुंबईच्या पत्रातलं दुसरं वाक्य त्याला पाठ होतं.

म्हणून तो विचारी, “जेवण झालं का, माताजी?” त्या म्हणत, झालं. तो म्हणे, ऊन फार आहे. त्या म्हणत, आहे. उपचार होऊ नये म्हणून इतकी खबरदारी क्वचितच कुणा उपचार करणाऱ्यानं घेतली असेल. एकदा त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “सत्याला पण ऊन...” आणि थांबल्या. धर्मराज उठला आणि त्यानं खिडकी लावून घेतली. परत येऊन बसला तेव्हा त्या लुगड्याचा पदर नीट करत होत्या. ती खिडकी लावल्याचं त्यानं बेबीनंदालाही सांगितलं नाही.

बेबीनंदाचं म्हणणं सरळ होतं. “अहो, म्हातारी माणूस आहे, दुःखात आहे. विचारून टाका. त्याला काय कागद लागतो?”

“लागतो.”

“मला विचारता ते कोणत्या परवान्यावर विचारता?”

“तुला मी काही विचारत नाही,” धर्मराज म्हणाला. हे त्यानं स्पष्टीकरण म्हणून सांगितलं होतं. बेबीनंदाला ते तसं वाटलं नाही आणि त्या घरात दोन दिवस शांतता नांदली. माणसाचं मन हा विषय घेऊन पहिल्या वर्गात पास झालेल्या माणसाकडून अशा चुका होतात.

राज्याची सही मिळणार नव्हती हे उघड होतं. तेव्हा तातेरावांनी पुन्हा हालचाल केली. ते धर्मराजला घेऊन कडूबांकडं गेले आणि म्हणाले, “तुमच्या यादीत बसेल असं काही बघा की. हे तासावर पैसे घेणार.”

“तासावर?” कडूबांचा चेहरा उजळला. “आधी सांगायचं ना मंग!” त्यांनी यादीवर बोट फिरवलं. “ताशी आकारणी. हे बघा. बसतंय बराबर.”

यादीत ताशी आकारणीचा एकच व्यवसाय होता. त्याच्या नावानं परवाना निघाला, तोही त्याच दिवशी : ‘भाड्याच्या सायकली, मस्तगड, प्रो. प्रा. डी. एस. हिवराळे.’

धर्मराजला तो घ्यायचा नव्हता. त्यानं तसं सांगितलंही. पण बेबीनंदा म्हणाली, “घ्या. आत काय करता ते आत. बाहेर सायकल तर सायकल.” तिच्या आवाजात इतका थकवा होता की त्यानं घेतला. दोघांनी मिळून परवान्याला काच लावली आणि तो भिंतीवर अडकवला, रोग्याला बसल्या जागी दिसणार नाही अशा ठिकाणी.

पहिला रोगी यायच्या आधी पहिलं गिऱ्हाईक आलं. एक गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले आणि म्हणाले, लेडीज सायकल आहे का, मुलीची परीक्षा आहे. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नव्हता. मग आणखी आले. एकानं तर वर सायकल कशी चढवता याचं कुतूहल म्हणून जिना चढून पाहिला. सायकल नाही असं सांगितलं की लोक रागावत. परवाना घेतो आणि सायकल देत नाही, म्हणजे काळाबाजारच.

मग परवाना कचेरीचे तपासनीस आले. त्यांनी खोली पाहिली, खुर्च्या पाहिल्या, माठ पाहिला.

“सायकली?”

“नाहीत.”

“सायकल-कराचे बिल्ले?”

“सायकली नाहीत तर बिल्ले कसे असतील?”

“मग परवाना कशाला काढला?”

याचं खरं उत्तर धर्मराजनं दिलं. तो नेहमी खरं उत्तर देत असे, आणि ते लांब असे. तपासनिसांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि खोटी माहिती देऊन परवाना मिळवल्याबद्दल तो रद्द केला, तसंच परवान्याशिवाय उपचार चालू असल्याच्या संशयावरून चौकशीची शिफारस केली. म्हणजे आता धर्मराजजवळ सायकलींचाही परवाना नव्हता.

चौकशीला जमादार संपत आले. दुकानापुढं पोलीस उभा राहिला तशी आतली दोन गिऱ्हाइकं हातातलं कापड ठेवून निघून गेली. संपत जमादारांनी गल्लीचे जबाब घेतले. दूधवाल्यानं सांगितलं की म्हशीला औषध दिल्याचं त्यानं पाहिलं नाही. तातेरावांनी धर्मराजला वाचवायचं म्हणून इतकं सविस्तर सांगितलं की जमादारांचा संशय बळावला. शेवटी ते वर आले. सायरबाई नेहमीप्रमाणं खुर्चीत होत्या.

“माताजी, तुम्ही इथं रोज येता?”

“येते.”

“हे काय करतात?”

धर्मराज भिंतीला टेकून उभा होता. त्याला वाटलं, आता या जे बोलतील त्यावर आपलं सगळं आहे. सायरबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, अगदी नीट, पहिल्यांदाच पाहावं तसं.

“ये काही करत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “मी बसते. ये बी बसतात.”

“औषध? मंत्र? काही इचारत असतील?”

“जेवण झालं का, इचारतात.”

संपत जमादारांनी ते शब्दशः लिहून घेतलं. खाली सायरबाईंचा अंगठा घेतला. जाताना धर्मराजच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सुटलात साहेब. एकदम साफ जबाब हाय.”

निकाल आला तो असा : अर्जदार काहीही करीत नसल्याचे चौकशीअंती निष्पन्न झाले असून त्याकरिता परवान्याची आवश्यकता नाही. फलक काढून टाकावा. धर्मराजनं तो दोनदा वाचला. शिक्षणाची इतकी वर्षं आणि मनावरचं इतकं काम, त्यावर सरकारनं दिलेला हा अभिप्राय होता, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

संध्याकाळी जुगलकिशोर शेठ वर आले. या खेपेला ते धर्मराजकडं बघून बोलले.

“राग मानू नका. आमची दुकानदारी हाय. पोलीस वर चढला की गिऱ्हाईक खाली उतरतं. खोलीचं बघा दुसरीकडं. आन् माँला मी मामाकडं सोडतो, राजस्थानात. इथं राहून काही फरक पडून न्हाई राह्यला.”

“कधी?”

“परवाच्या मनमाडच्या गाडीनं.”

धर्मराजनं ‘काही फरक पडला नाही’ एवढंच ऐकलं.

गाडीच्या दिवशी तो स्टेशनावर गेला. कुणी बोलावलं नव्हतं. सायरबाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर गाठोडं. जुगलकिशोर शेठ सामान मोजत आत उभे होते. इंजिन पाणी घेत होतं. धर्मराज खिडकीच्या गजांशी गेला आणि जेवण झालं का असं विचारायला त्यानं तोंड उघडलं.

“माताजी,” तो म्हणाला, “सत्यनारायण कसा होता?”

सायरबाईंनी गज धरले. पहिल्यांदा नुसतेच ओठ हलले. मग त्या बोलायला लागल्या, मारवाडीत, मराठीत, जसं येईल तसं. सत्या काळा होता, जुगल गोरा, म्हणून लहानपणी सत्या तोंडाला पीठ लावून यायचा. सत्याला ऊन सोसायचं नाही, नाकातून रक्त यायचं. त्याला कापड मोजता येत नसे, हात सैल, प्रत्येक गिऱ्हाइकाला चार बोटं जास्त जायची, त्याचा बाप चिडायचा, आणि सत्या म्हणायचा, जाऊ दे ना, कुणाच्या तरी पोराची टोपी होईल. हे सांगताना त्या हसल्या. आतून जुगलकिशोर शेठ सामान सोडून बघायला लागले. आईचं हसू त्यांनीही बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि मग सायरबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेना, आणि त्या बोलत राहिल्या.

शिट्टी झाली.

“त्या दिवशी सकाळी तो निघाला,” सायरबाई म्हणाल्या, “तं मी त्याला बोलले...”

गाडी हलली. धर्मराज खिडकीबरोबर चालायला लागला. “काय बोललात, माताजी?”

त्यांचे ओठ हलताना त्याला दिसले. चाकांचा आवाज वाढला. तो पळाला, फलाटाच्या उतारापर्यंत, पण गाडी पुढं गेली. आई मुलाला त्या सकाळी काय बोलली, ज्याच्यापायी ती वर्षभर गप्प होती, ते गाडीबरोबर गेलं.

तो परतला तेव्हा फाटकाशी तिकीट तपासनीस उभा होता.

“फलाटाचं तिकीट?”

धर्मराजनं खिसे चाचपले. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुठंतरी कागदाशिवाय गेला होता. तपासनिसानं दंडाची पावती फाडली. “पोहोचवायला आल्ते का? नातेवाईक कोण?”

“नातेवाईक नाही.”

“मंग तुम्ही कोण?”

पावती घेऊन धर्मराज बाहेर पडला.

घरी बेबीनंदानं ताट वाढलं होतं. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. “विचारलंत?”

“विचारलं.”

“बोलल्या?”

“बोलल्या. पण शेवटचं ऐकू आलं नाही.”

ती त्याच्यासमोर बसली. धर्मराजनं हातातला घास ताटात ठेवला आणि तिला वरच्या खोलीतल्या खिडकीची गोष्ट सांगितली. ती त्यानं कशी लावली, आणि का.